चार टिपक्यांचा नवरदेव

आधी माफी मागते. माझं शिकणं चौथीपर्यंतचं. त्यानंतर हातात पेन आला तो सही करायला आणि विडी कारखान्याच्या कार्डावर आकडे तपासायला. म्हणून ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, ओळ खाली घसरेल, अक्षर कुठं जाड कुठं बारीक होईल. त्यात माझ्या भाचीचं नाव प्रज्ञा. हा 'ज्ञ' मला अजून एका फटक्यात जमत नाही, आणि तिचं नाव तर पानोपानी येणार आहे.

लिहायचं कारण असं की दरेकसाहून परत आल्यावर बचत गटातल्या बाया सारख्या विचारत होत्या, "का का पाह्यलंस, सांग ना वो!" आणि मी पदर तोंडाशी धरून "काई नाई, जंगल होता" एवढंच म्हटलं. चारचौघींत माझं तोंड उघडत नाही. घरी आल्यावर मात्र सगळं आठवतं आणि एकटीच हसत बसते. तुम्ही कोणी दरेकसाला किडे शोधायला गेला नसाल. मग वाचा.

नागरा

प्रज्ञा माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. नागपूरला शिकते, किड्यांवर. सगळ्या किड्यांवर नाही, फक्त भुईकिड्यांवर. हे किडे उडायच्या भानगडीत फारसे पडत नाहीत, जमिनीवरून पळतात. दिवसा दगडाखाली, पाल्याखाली लपतात आणि अंधार पडला की अळ्या, गोगलगाई खात हिंडतात. आपण त्यांना बिनकामाचे समजून चपलेनं ढकलतो. त्यांत किती जाती आहेत, कोणती कुठं राहते, याचा अजून कोणाला पुरता पत्ता नाही, असं ती म्हणते.

मागच्या पावसाळ्यात तिला दरेकसाच्या जंगलात एक किडा सापडला होता. वालाच्या दाण्याएवढा, काळा, अंगावर मखमलीसारखी बारीक लव आणि पाठीवर चार नारिंगी टिपके. तिनं तो दूरच्या शहरातल्या एका जाणकार सरांकडं पाठवला. सरांनी कळवलं, "आपल्याकडच्या माहितीतल्या किड्यांशी जुळत नाही. पण ही मादी आहे. या घराण्यातल्या माद्या एकमेकींसारख्या दिसतात, नर पाहिल्याशिवाय जात सांगता येत नाही. नर आणा." आणि तिच्या कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, या पावसाळ्यात नर मिळाला तर ठीक, नाहीतर विषय बदल. म्हणजे दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

तिच्यासोबत जाणारी मैत्रीण आजारी पडली. एकटीला जाऊ द्यायला माझी बहीण तयार नव्हती, आणि तिचे स्वतःचे गुडघे चालत नाहीत. मग मला विचारलं. बहीण म्हणाली, "तू जा. तू बोलतच नाईस, तं कोनाशी भांडन होनार नाई."

अडचण पैशाची होती. प्रज्ञाची शिष्यवृत्ती अडकलेली. मी गटाच्या बैठकीत तीन हजार मागितले. म्हणजे मागितले माझ्या वतीनं प्रज्ञानं, मी नुसती बाजूला बसले.

"किड्यासाठी कर्जा?" आमच्या अध्यक्ष रेखाबाईंनी चष्मा काढला. "बकरीसाठी देतो, मशीनसाठी देतो. हे कायच्यात लिहू?"

इंदूबाईच्या जिभेला आमचं अख्खं नागरा गाव भितं. ती म्हणाली, "बकरी मेली तं कातडं तरी रायते. किडा मेला तं का रायते वो?"

सगळ्या हसल्या. मी चटईची काडी मोडत बसले. काही तरी उत्तर द्यावं असं फार वाटलं. शेवटी रेखाबाईंनी "पोरीच्या शिक्षनासाठी" असं लिहून पैसे दिले.

गाडीत

पोळा झाला, धानाच्या रोवणीची कामं आटोपली, तेव्हा आम्ही निघालो. माझ्या पिशवीत कपडे, प्रज्ञाच्या पिशवीत प्लास्टिकच्या ग्लासांची चळत, सिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या बाटल्या, चिमटे, कापूस आणि वनखात्याची परवानगी. गोंदियाहून पॅसेंजर सुटली. समोर डोंगरगडला जाणारे एक व्यापारी बसले होते. त्यांनी ग्लास पाहिले, बाटल्या पाहिल्या.

"पार्टी है क्या दीदी?"

"हाँ भैया," प्रज्ञा म्हणाली. "कीडों की."

त्यांनी हळूच दोन्ही पाय सीटवर घेतले आणि सालेकसापर्यंत खाली सोडले नाहीत. मी पदराचा बोळा तोंडात धरला.

एक गोष्ट मात्र मनात टोचत होती. रोज सकाळी आम्ही पंचशील म्हणतो, त्यात पहिलंच जीव न मारण्याचं आहे. मी हळूच विचारलं, "पोरी, हे किडे मरतील ना?"

तिनं ग्लासांची चळत मांडीवर घेतली. मग म्हणाली, "मरतील मावशी. आपन येवढंच पाळतो, लागतील तेवढेच घ्यायचे, आनि मेलेला एकही वाया घालवायचा नाई." तिचं हे बोलणं मी मनाशी बांधून ठेवलं. पुढं त्याचाच उपयोग झाला.

दरेकसा

आमच्याकडं जमीन सपाट. धानाचे बांध सरळ आभाळाला जाऊन टेकतात, वरून बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं घरघरत फिरतात, त्याखाली आपण काम करायचं. दरेकसाला गाडी आम्हाला उतरवून निघून गेली आणि समोर डोंगर उभा. मला वाटलं कोणी तरी दारात आडवं उभं आहे. आणि आवाज नाही. कान झाकल्यासारखं झालं. थोड्या वेळानं कळलं की आवाज आहे, पण तो पाण्याचा आहे.

स्टेशनावर बिरजूभाऊ छत्री घेऊन आले होते. जंगलखात्यात मजुरी करतात, मागच्या वर्षीही प्रज्ञाला जंगल त्यांनीच दाखवलं होतं. राहायचं त्यांच्याच घरी. त्यांची बायको सोनाबाई दारात उभी. भिंती पांढऱ्या मातीनं पोतलेल्या, खाली काळा पट्टा, अंगण असं सारवलेलं की त्यावर भात वाढून घ्यावा. सोनाबाई छत्तीसगढी बोलते, मधून मधून गोंडी. मला समजलं तसं मी मराठीत लिहिते.

पाय धुवायला पाणी दिल्याबरोबर तिनं चौकशी मांडली. गाव कोणतं? कोणाची मुलगी? आडनाव काय? हे आमच्याकडंही चालतं. पण पुढचा प्रश्न नवा होता, "के देव के?"

म्हणजे किती देवांचे. प्रज्ञानं सांगितलं, गोंडांमध्ये घराणी देवांच्या संख्येवरून ओळखतात. कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. ज्यांचे देव सारखे ते भाऊ-बहीण, त्यांच्यात सोयरीक होत नाही. बिरजूभाऊ चार देवांचे, सोनाबाईचं माहेर सहा देवांचं.

मी खाली मान घालून सांगितलं, "आम्ही बुद्धाचे. आमच्यात देव नाही."

सोनाबाई विचारात पडली. "एकही नाही?"

"नाही."

"मग तर बरं आहे दीदी," ती म्हणाली, "तुमची सोयरीक कोणाशीही जमेल!"

मी आल्या आल्याच हसले. अनोळखी घरात असं माझं कधी झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी होती आणि अंगाकर. तांदळाच्या पिठात शिजलेला भात मळून केलेली जाड भाकर, पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली. पानाच्या शिरांचा ठसा भाकरीवर उमटतो. सकाळी बासी, म्हणजे आदल्या दिवशीचा भात पाण्यात घालून मीठ, कांदा आणि हिरवी मिरची. शिळा भात आम्हीही खातो, पण फोडणी देऊन, आणि पाहुणा आला की टोपली उलटी टाकून झाकतो. इथं तो पाहुण्याला पहिल्यांदा वाढला. दुपारपर्यंत पोट गार राहिलं. आपण कायले लपवतो, असं वाटलं.

ग्लास पुरले

गावामागं जंगल सुरू होतं, साग, मोह, बांबूची बेटं. तिथं आम्ही ग्लास पुरले. ग्लासाचं तोंड जमिनीशी बरोबर सपाट हवं, वर नाही, खाली नाही, बाजूला फट नाही. किडा आपल्या नादात पळत येतो आणि आत पडतो. तळाशी थोडा सिरका. वर चार खड्यांवर दगडाची चीप ठेवायची, पाऊस आत जाऊ नये म्हणून.

दुपारी पाऊस लागला तेव्हा प्रज्ञानं पडवीत मला भिंगातून पाहायला शिकवलं. जुने किडे तिनं सोबत आणले होते. मी म्हटलं, हे सारे काळेच, तू ओळखतेस कशी?

"जशी सोनाकाकीनं तुले ओळखलं तशी," ती म्हणाली. "एकेक प्रश्न विचारत जायचा. मिशी दोऱ्यासारखी आहे का टोकाला पंखा आहे? पंखा असला तं तो शेनकिडा, बाजूला ठेव. दोऱ्यासारखी असली तं पुढं चाल. पाय खनायचे का पळायचे? पाठीवर नांगराच्या तासासारख्या रेघा किती? अंगावर केस हायेत का? असं करत करत एका घराच्या दारात पोचतो."

"आनि नर?"

"पुढचे पाय पाह्य. नराचे पुढचे तळवे रुंद असतात, खालून ब्रशासारखे. मादीचे अरुंद."

मी एका डोळ्यानं पाहिलं. खरंच, तळवे होते! येवढ्याशा किड्याला तळवे. मी पुन्हा पुन्हा भिंग मागत होते, तर ती म्हणाली, "मावशी, मले पन पाहू दे."

सोनाबाई दाण्याच्या शेंगा फोडत सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, "म्हणजे चार टिपक्याची पोरगी आहे, तिला नवरा पाहिजे?"

"हो काकी."

"इतकंच ना," ती म्हणाली आणि उठून शेजारी गेली.

नवरदेव आले

दुसऱ्या दिवशी दुपारी बिरजूभाऊ आणि दोन शेजारी काचेची बरणी घेऊन आले. बरणीत अंगठ्याएवढे काळे किडे, पाठीवर पांढरे ठिपके. प्रज्ञानं धावत जाऊन पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"भाऊ, याले तं सहा टिपके हायेत. हा सगळीकडं सापडते."

"मग बरोबर आहे," बिरजूभाऊ म्हणाले.

"बरोबर कसं? चार पायजेत."

आता सोनाबाई कमरेवर हात ठेवून पुढं आली. "पोरी, तू शिकलेली आहेस की नाही? मुलगी चार टिपक्यांची. तिला चार टिपक्यांचाच नवरा शोधतेस? तो तिचा भाऊ झाला! चारवालीला सहावाला पाहिजे. आमचंच बघ."

बिरजूभाऊंनी लाजून मिशीवरून हात फिरवला.

प्रज्ञा हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं सांगू लागली की किड्यांमध्ये तसं नसतं, चारचा चारशीच संसार होतो. सोनाबाईनं कानांवर हात ठेवले. "छी छी! म्हणून तर पायाखाली येतात." ती थट्टा करत होती की खरं बोलत होती, मला आजवर कळलं नाही. दोन्ही असावं.

मी जवळून पाहावं म्हणून बरणीचं झाकण जरा सरकवलं. आतल्या एकानं शेपटाकडून अशी पिचकारी मारली की माझा गाल मिरची चोळल्यासारखा पेटला. डोळा थोडक्यात वाचला. प्रज्ञा तांब्या घेऊन धावली, पाण्यावर पाणी ओतलं. सोनाबाई खांबाला धरून हसत होती. "दीदी, नवरदेवाला तू पसंत नाहीस!"

ते सगळे सहा टिपकेवाले आम्ही बांधावर सोडून दिले. वऱ्हाडी मंडळी कशी पळाली म्हणता!

माझं सारवण

त्याच संध्याकाळी प्रज्ञाला अंगात कसकस वाटत होती. पावसानं ग्लासांभोवतीची माती धुऊन नेली असणार. ती म्हणाली, "मावशी, तू सोनाकाकीसोबत जाऊन पाहून ये. कुठं फट पडली असेल तं बुजव. चांगली गुळगुळीत कर."

फट तर सगळीकडं पडली होती. नुसती माती दाबली की पुन्हा वाहून जाणार. आता तुम्हीच सांगा, आपल्या घरी चुलीभोवती फट पडली तर आपण काय करतो? सोनाबाई आणि मी एकमेकींकडं पाहिलं. ती जाऊन टोपलीभर शेण घेऊन आली. शेणमाती कालवून आम्ही एकेका ग्लासाभोवती गोल सारवून काढला. मी हातानं, तिनं त्यावर बोटानं नक्षीची रेघ ओढली. जंगलात अशी ओळीनं छोटी छोटी अंगणं दिसायला लागली. इतकं सुंदर काम झालं की घरी जावंसं वाटेना.

सकाळी प्रज्ञा बरी झाली. आम्ही तिघी गेलो, मागून बिरजूभाऊ. तिनं पहिल्या ग्लासावरची चीप उचलली.

ग्लास काठोकाठ भरला होता. शेणकिडे! मोठे, बारके, शिंगवाले, चमकणारे, एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन पडलेले. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यातही तेच.

"मावशी, हे का करून ठेवलं?"

"फट बुजवली."

"शेनानं?"

"तूच म्हनलं ना, गुळगुळीत कर."

"मातीनं, मावशी! मातीनं! शेनाचा वास सुटला तं साऱ्या जंगलातले शेनकिडे जेवायले येतील ना! आता कोनता किडा आपल्या मनानं आला आनि कोनता शेनासाठी, हे कसं सांगू मी? दोन दिवस गेले पान्यात." तिचा आवाज फाटला. मग हळू बोलली, "फेकून दे सारं." आणि उरलेले कोरे ग्लास घेऊन ती बिरजूभाऊंसोबत वरच्या टेकडीवर निघून गेली. मागं वळून पाहिलं नाही.

मी तिथंच बसले. तीस वर्षं विड्या वळल्या, एकही विडी कारखान्यातून परत आली नाही, आणि इथं मी पोरीचं शिक्षण सारवून टाकलं.

सोनाबाई म्हणाली, "चल दीदी, फेकून देऊ." मी ग्लास उचलला आणि मला गाडीतलं प्रज्ञाचं बोलणं आठवलं. मेलेला एकही वाया घालवायचा नाही. हे इतके जीव माझ्या सारवणानं मेले. तिच्या कॉलेजात कोणी शेणकिड्यांवरही शिकत असेल. निदान निवडून, धुऊन, वेगवेगळे करून तिच्यापुढं ठेवू. राग गेल्यावर घेईल, नाही घेतले तर नाही.

सूप

सोनाबाईकडून सूप मागून घेतलं. विडी वळताना तंबाखू आणि पानं घेऊन सूप मांडीवर ठेवतो, तशीच बसले. ग्लास एकेक करून गाळून किडे सुपात पसरले. आता माझी बोटं घरी आल्यासारखी झाली. मोठे इकडं, शिंगवाले तिकडं, बारीक कोपऱ्यात. सोनाबाई बाजूला बसून तोंडानं माझी करमणूक करत होती, "हा जाडा पाटील, ही त्याची सासू..."

पाटील-सासूच्या ढिगाखाली एक सडपातळ किडा चिकटला होता. त्याचे पाय खणायचे नव्हते. मी त्याला पाण्यानं धुतलं. अंगावर लव होती. पाठीवर शेण होतं, ते निघालं तसा एक नारिंगी टिपका दिसला. मग दुसरा. मग खालचे दोन.

 बोलले तर तो नाहीसा होईल असं वाटलं. मी सोनाबाईचा हात धरला आणि बोट दाखवलं.

तिनं वाकून मोजलं. "चार!" आणि लगेच तोंड वाकडं केलं. "म्हणजे हा भाऊच आला की गं. नवरा नाही."

पण भाऊ की बहीण, ते कळायला भिंग पाहिजे, आणि भिंग प्रज्ञाच्या गळ्यात, प्रज्ञा टेकडीवर. फोनला तिथं रेंज नाही. सोनाबाई म्हणाली, "हाक मार." मी आणि हाक! नवऱ्याला जेवायला बोलवायचं तरी मी भांडं वाजवते. पण संध्याकाळपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती. मी बांधावर चढले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडले, "प्रज्ञाऽऽऽ!"

माझा आवाज डोंगरावर गेला आणि परत आला. मीच दचकले. इतका मोठा आवाज माझ्याजवळ होता, मला ठाऊक नव्हतं. पुन्हा ओरडले. मग तर मजाच वाटायला लागली. रुळावर काम करणारे रेल्वेचे मजूर उभे राहून पाहत होते, तरी ओरडले.

प्रज्ञा धापा टाकत उतरली. मला साप चावला असं तिला वाटलं होतं. मी नुसती स्टीलची डबी पुढं केली. तिनं झाकण उघडलं, भिंग लावलं.  मग ती अंगणात उकिडवी बसली आणि किती वेळ पाहत राहिली. 

"मावशी," ती अखेर म्हणाली, "तळवे पाह्य."

मी पाहिलं. पुढचे तळवे रुंद होते, ब्रशासारखे.

ती माझ्या गळ्यात पडली, शेणाच्या हातासकट. बिरजूभाऊ मागून पोचले आणि "काय झालं, काय झालं" विचारत राहिले, तर सोनाबाई त्यांना म्हणाली, "काही नाही. भावालाच नवरा केला यांनी. शिकलेल्या लोकांचं असंच."

शेणाच्या वासानं आला की असाच वाट चुकून आला, कोण सांगणार? प्रज्ञानं त्या किड्यासोबतच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात गाव, जंगल, पकडणाऱ्याचं नाव लिहिलं आणि पुढं लिहिलं, "ग्लासाभोवती शेणाने सारवलेले होते." मी म्हटलं, ते कायले लिहितेस, माझी लाज जाईल. ती म्हणाली, "जे झालं ते लिहायचं. नाई तं दुसरा कोनी शोधायला आला तं फसेल." पकडणाऱ्याच्या जागी तिनं माझं नाव लिहिलं होतं.

परत

आणखी दोन दिवस राहिलो. टेकडीवरच्या ग्लासांत इतर भुईकिडे आले, चार टिपकेवाला पुन्हा आला नाही. एका दुपारी सोनाबाईनं आम्हाला हाजरा धबधब्यावर नेलं. पाणी वरून असं पडत होतं की बोलणं ऐकू येईना. मला ते फार बरं वाटलं, तिथं कोणीच बोलू शकत नव्हतं, सगळे माझ्यासारखे.

निघताना आम्ही सगळे ग्लास काढून खड्डे बुजवले, गुराचा पाय मुरगळू नये म्हणून. या वेळी मातीनं. सोनाबाईनं वाळलेल्या मोहाची पुरचुंडी दिली आणि सांगितलं, "लग्नाचा निकाल कळव."

निकाल यायला पुढचा उन्हाळा उजाडला. सरांनी कळवलं, ही जात नवीन नाही. फार वर्षांआधी कोण्या परक्या साहेबानं एकाच मादीवरून तिला नाव देऊन ठेवलं होतं. त्यानंतर ती कोणाला दिसली नाही आणि तिचा नर तर कोणी पाहिलाच नव्हता. मला वाईट वाटलं. नवीन नाही म्हणजे काम वाया गेलं का?

प्रज्ञा फोनवर ओरडत होती, "वाया कसं मावशी! नाव होतं, मानूसच नव्हता. नर कसा दिसते ते जगात पयल्यांदा आपन लिहिनार. विषय पक्का झाला!" सरांनी एक प्रश्न विचारला होता, हे सारवलेलं म्हणजे नेमकं काय? तिला त्यांना चार ओळी समजावून लिहाव्या लागल्या. पुढच्या पावसाळ्यात तिनं मुद्दाम एका बाजूला सारवलेले आणि एका बाजूला साधे ग्लास पुरले. चार टिपकेवाला दोन्हींत आला नाही. शेणकिडे मात्र भरपूर.

कर्जाचे हप्ते मी विड्यांच्या मजुरीतून भरत होते. अडकलेली शिष्यवृत्ती आली तेव्हा उरलेली रक्कम घेऊन प्रज्ञा स्वतः बैठकीला आली. तिनं सोबत किड्याचा मोठा केलेला फोटो आणला. तो चटईवरून हातोहात फिरला.

इंदूबाईनं तो डोळ्यांपासून लांब धरून पाहिला. "सुंदर हाय वो. पन मेलाच ना शेवटी?"

सगळ्या माझ्याकडं नाही, प्रज्ञाकडं पाहत होत्या. उत्तर मात्र मी दिलं. बांधावर निघाला होता तेवढा मोठा आवाज नव्हता, पण शेवटच्या चटईपर्यंत गेला.

"मेला, पन हाय इंदूबाई. सरांकडं पेटीत टाचनीवर बसला हाय. खाली चिठ्ठी हाय, त्यावर दरेकसा लिहिलं हाय आनि माझं नाव लिहिलं हाय. तुझ्या बकरीच्या कातड्यावर कोनी तुझं नाव लिहिलं का?"

 मग इंदूबाईच सगळ्यांत मोठ्यानं हसली, इतकी की तिला ठसका लागला. रेखाबाईंनी तिच्या पाठीवर थापट्या मारल्या, नोटा घेतल्या, आणि माझ्या नावापुढं लिहिलं, कर्ज पूर्ण फिटले.